सतरावी ओळ

३ एप्रिल १९८८, रविवार

आज ईस्टर. तंजावरच्या कॉन्व्हेंटमध्ये या दिवशी मदर फिलोमिना आम्हाला रंगवलेले एकेक अंडे देत, आणि आम्ही काही मुली ते फाटकाबाहेरच्या फुलवालीला देऊन हात धुऊन घरी जात असू. आज मला राजसने रसम आणि पातळ भात दिला. ऑपरेशनला सव्वीस दिवस झाले तरी माझे पोट कालच जन्मलेले आहे अशी या घराची समजूत आहे.

ही वही मी मराठीत लिहिते, कारण या घरात देवनागरी वाचणारी मी एकटीच आहे. माझा धाकटा भाऊ व्यासराज, त्याची बायको राजसबाई आणि मुलगी कनका घरी मराठी बोलतात, वाचतात मात्र तमिळ आणि इंग्रजी. मी शिकले ती रागाने. ऑफिसात पुण्याच्या एक बाई होत्या. माझे तंजावरी बोलणे ऐकून त्या म्हणाल्या, हे मराठी काचेच्या कपाटात ठेवायला हवे. मग दहा वर्षे मी त्यांच्याकडून मासिके आणून वाचली आणि शेवटी त्यांच्याच पत्रांतल्या चुका काढल्या.

परिस्थिती अशी की ८ मार्चला माझे गर्भाशय काढले. फायब्रॉईड होता, साधी गाठ, असे व्यासराजने सांगितले. लग्न न केलेल्या बाईला, ज्या अवयवाचा तिने कधी वापरच केला नाही, त्याने साठाव्या वर्षी असा त्रास द्यावा हे मला पटलेले नाही. पण गेला तो, विषय संपला. तरी मी अजून मद्रासच्या टी. नगरात, व्यासराजच्या माडीवर. जिना उतरायचा नाही. तिरुवल्लिकेणीतल्या माझ्या दोन खोल्यांची किल्ली व्यासराजच्या खिशात आहे. डॉक्टरांचा हुकूम आहे म्हणे. डॉक्टर माझ्याशी बोलतच नाहीत, व्यासराजशी बोलतात. पॅरीज कॉर्नरच्या कंपनीत चौतीस वर्षे मी टाइपिंग विभाग चालवला. साहेब लोकांची गुपिते माझ्या हातून गेली. माझ्या पोटाची बातमी मात्र मला भावाकडून कळते.

खिडकीला गज आहेत. समोर साड्यांच्या दुकानाची मागची भिंत आहे आणि तिच्यात एक पंखा, जो गरम हवा थेट माझ्या उशीवर सोडतो.

७ एप्रिल

राजस सकाळ-संध्याकाळ गोळ्या देते. स्टीलच्या डबीतून काढून, हातावर. बाटली कुठे आहे विचारले तर म्हणते, रक्तवाढीच्या आहेत आक्का, बाटली फुटली. गोळ्यांची बाटली फुटून गोळ्या शाबूत राहिलेल्या मी प्रथमच ऐकल्या.

भूक फार लागते. पातळ भाताने ती भागत नाही. आज तीन दोसे मागितले आणि राजस स्वयंपाकघरात जाऊन रडली. पीठ संपले असेल तर तसे सांगावे.

१४ एप्रिल

काल तमिळ वर्षाचा पहिला दिवस. कडुलिंबाच्या फुलांची पचडी झाली. जेवणाआधीच व्यासराज आणि राजस 'बँकेत' जाऊन आले. सणाच्या दिवशी कुठली बँक उघडी असते? राजसच्या हातात भलेमोठे तपकिरी पाकीट होते. ती मला पाणी द्यायला आली तेव्हा तिच्या पिशवीतून एक चिठ्ठी पडली. मी उचलेपर्यंत तिने झडप घातली, पण माझी नजर ऑफिसात तयार झालेली आहे. वर इस्पितळाचे नाव होते. ते इस्पितळ एकाच रोगाचे आहे, आणि मद्रासमध्ये त्याचे नाव लोक आवाज उतरवून घेतात.

मग सगळे जुळले. ते रडणे, ती खंगलेली मान, सकाळी-सकाळी दोघांचे गायब होणे, मी जिन्याशी आले की थांबणारे बोलणे. राजसला कॅन्सर आहे. चोपन्नाव्या वर्षी. आणि मला इथे अडकवून ठेवले आहे ते विश्रांतीसाठी नव्हे, घरात बाईमाणूस असावे म्हणून. सरळ सांगितले असते तर मी आले नसते का?

तिला सगळे सांगितले आहे की अर्धेच, कोण जाणे. मी काही बोलणार नाही. एकदा बोलून पाहिले आहे. १९५१ साली तंजावरला आईच्या पोटातल्या गाठीविषयी डॉक्टर काय म्हणाले ते आईने मला विचारले आणि मी सांगून टाकले, कारण मदर फिलोमिनांनी आम्हाला खोटे बोलायला शिकवले नव्हते. आईने भिंतीकडे तोंड केले आणि जेवण सोडले. नऊ दिवसांत गेली. व्यासराज तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पायाशी बसून असे. त्याने मला कधी काही म्हटले नाही.

आजपासून राजसने बादली उचलायची नाही.

२० एप्रिल

आज मोठे भांडण झाले आणि मी जिंकले.

कनका एका संशोधन संस्थेत डॉक्टरेट करते आहे. प्रबंध तीस जूनपर्यंत द्यायचा आहे. मांबलमच्या टायपिस्टने पहिल्या प्रकरणाचे मातेरे केले. शास्त्रीय नावे त्याला अवघड वाटली तिथे त्याने सोपी घातली. मी म्हटले, आण इकडे, मी करते. कनकाचा चेहरा असा झाला, जणू मी तिचा उजवा हात मागितला होता. आत्या, नको, तुला त्रास होईल. व्यासराज म्हणाला, डोळ्यांवर ताण येईल. राजस म्हणाली, नक्को हो आक्का, टाके. मी विचारले, टाके बोटांना घातले आहेत का? शिवाय विषय काय आहे की जो माझ्यासारखीने वाचू नये? त्यावर कनकाने हस्तलिखित पुढे केले.

विषय कॅन्सरचा आहे. तेही गर्भाशयाच्या. बिचारी पोर, दिवसभर तिकडे तेच आणि घरी आई. म्हणून मला दूर ठेवत होते, की माझ्या तोंडून राजससमोर काही निघू नये.

संध्याकाळी तिरुवल्लिकेणीहून माझे रेमिंग्टनचे टाइपिंगचे यंत्र रिक्षात घालून आणले. यंत्राला इकडून तिकडे जाता येते. मला नाही.

२७ एप्रिल

पहिले प्रकरण झाले. अठ्ठेचाळीस पाने, तीन कार्बन प्रती, दोन खाडाखोडी, त्यातली एक कनकाची.

मला न कळणारे मी टाइप करत नाही, हा जुना नियम. म्हणून कनकाला समोर बसवून विचारले. शरीरातल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेला चुना, असेच मी समजत होते. ती म्हणाली, तिच्या सरांनाही कॉलेजात तेच शिकवले होते. आता कळते आहे की तो चुना नाही. पेशींच्या भोवती प्रथिनांचे जाळे असते, ते त्यांनीच विणलेले असते, आणि त्यांनी काय व्हायचे हे तेच जाळे त्यांना सांगत राहते. दुधाच्या ग्रंथीतल्या पेशी काढून काचेच्या बशीत ठेवल्या तर त्या दूध करायचे विसरतात. त्यांच्याखाली ते जाळे पुन्हा पसरले की त्यांना आठवते.

"म्हणजे शेजारी चांगले असावे लागतात," मी म्हटले.

"शेजारी नाही, आत्या. घर."

अस्तराच्या पेशी एका अतिशय पातळ चटईवर बसलेल्या असतात. त्या चटईत लॅमिनिन नावाचे प्रथिन असते. कॅन्सरची पेशी आधी लॅमिनिनला घट्ट धरते, मग चटई विरघळवणारा रस सोडते, भोक पाडते, आणि पलीकडच्या तंतूंना धरत धरत सरपटते. रक्तवाहिनी सापडेपर्यंत. कनकाने काढलेल्या गाठींचे पातळ काप रंगवून पाहिले आहेत. चटईची रेषा कुठे अखंड आहे, कुठे तुटली आहे.

मी विचारले, तुटली तर? ती म्हणाली, तर पुढच्या उपचारांची घाई करावी लागते. आणि उठून गेली. मुलगी हुशार आहे, पण वाक्य अर्धे टाकून उठायची सवय वाईट.

५ मे

अग्निनक्षत्र लागले, इथल्या उन्हाळ्याचे सर्वांत कडक दिवस. पाण्याची लॉरी दोन दिवस आली नाही. माझ्या मनगटाच्या घामाने कागद इतका ओला होतो की काढून ठेवावा लागतो.

राजसला मी रोज अकराला नाचणीची कांजी करून देते. खोलीतल्या स्टोव्हवर. समोर बसून पाजते. ती डोळे मिटून पिते. दुपारी तिला माझ्या पलंगावर निजवते आणि मी खुर्चीत टाइप करत बसते. ती झोपत नाही हे मला कळते, पण पाठ टेकते तेवढे खरे. काल तिने माझे पाय चेपायला घेतले. मी ओरडले. आजारी माणसाने निरोगी माणसाचे पाय चेपायचे, ही कुठली रीत?

माझे ब्लाउज घट्ट झाले आहेत. खाऊन-खाऊन.

दुसऱ्या प्रकरणात एक गोष्ट आहे जी मनातून जात नाही. गाठ हाताला दगडासारखी लागते, ते कॅन्सरमुळेच असे नाही. गाठ आजूबाजूच्या साध्या, निरोगी पेशींना कामाला लावते आणि त्या तिच्याभोवती कडक तंतू विणत बसतात. त्यांना वाटत असेल आपण जखम भरतो आहोत. आणि गाठीला तेच हवे असते.

११ मे

काल दुपारी जिन्यात बाप-लेकीचे कडाक्याचे भांडण झाले. दार लोटलेले होते, पण माझे कान साठ वर्षांचे झालेले नाहीत. कनका म्हणत होती, दर आठवड्याला सर विचारतात, मी काय सांगू? सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवे होते, अप्पा, नऊ झाले. व्यासराज म्हणाला, मशीनच्या खोलीत नेलं की कळणारच. कळलं की संपलं. मी एकदा पाहिलं आहे. मग ती रडली.

म्हणजे राजसला 'करंट' द्यायचा आहे, इथले लोक किरणांच्या उपचाराला करंट म्हणतात, आणि हा शहाणा तिला रोगाचे नाव कळू नये म्हणून तो देत नाही. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. आईचे उदाहरण माझ्याही मनात होते, म्हणून महिनाभर मी गप्प. पण आता शंभर पाने टाइप केली आहेत. तो रस तिकडे चटई विरघळवतो आहे आणि इकडे आम्ही सगळे हळू बोलतो आहोत.

आज सकाळी त्याला माडीवर बोलावले. "व्यासू, मला सगळं माहीत आहे."

तो टाइपरायटरच्या पेटीवर बसला. "कधीपासून?"

"तमिळ नववर्षाला ती चिठ्ठी पडली तेव्हापासून."

त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. मग म्हणाला, "आक्का, माझी जीभ वळली नाही. तू कोलमडशील असं वाटलं."

"मी कशाला कोलमडू? राजसला सांग. देह तिचा आहे. तू त्याचा मालक नाहीस."

टॉवेल खाली आला. "राजसला," तो म्हणाला.

"राजसलाच. आणि उद्या तिला उपचार मिळाले नाहीत म्हणून ती गेली, तर ती रोगाने नाही गेली, तुझ्यामुळे गेली असं मी चारचौघांत सांगेन."

तो उठला. दारापर्यंत गेला. "हौ आक्का. सांगतो," म्हणाला.

या माणसात धीर म्हणून नाही. बाबांमध्येही नव्हता. तरी काम झाले याचे समाधान आहे.

१६ मे

पाच दिवस झाले. कोणी इस्पितळात गेले नाही. राजस माझ्याशी बोलताना आता माझ्या डोळ्यांकडे पाहत नाही, कांजी मात्र एका घोटात पिते. व्यासराज माडीवर येतच नाही. मी जिन्याशी गेले तर खालच्या दाराला बाहेरून कडी. माझ्या तोल जाण्याच्या भीतीने, असे राजसने दाराबाहेरून सांगितले. मी कडी वाजवत राहिले. समोरच्या दुकानातला पंखा माझ्यापेक्षा मोठ्याने वाजत होता.

किल्ली मागितली. खालून निरोप आला, पुढच्या महिन्यात बघू. मागच्या महिन्यातही पुढचाच महिना होता.

१९ मे

तक्ता क्रमांक चार जुळत नाही.

प्रबंधाचा सगळा कस याच तक्त्यात आहे. प्रत्येक बाईची एक ओळ: वय, विवाहित की नाही, मुले, ऑपरेशनची तारीख, लॅमिनिनची रेषा, रोग स्नायूत किती खोल, पुढे कोणता उपचार. मजकुरात लिहिले आहे, चोविसांपैकी चौदांची रेषा अखंड, दहांची तुटलेली. तक्त्यात ओळी तेवीस. अखंड चौदा, तुटलेल्या नऊ. सोळानंतर एकदम अठरा.

कनकाला विचारले. ती म्हणाली, तो नमुना खराब निघाला म्हणून काढला. मग मजकुरात का मोजला? विसरले, आत्या. मग टक्केवारीही चोविसांची आहे, ती कोण बदलणार? बाकीची प्रकरणेही चोविसांवर उभी आहेत. ती म्हणाली, तू तेवीसच टाइप कर ना, प्लीज. मी म्हटले, खोटा तक्ता माझ्या यंत्रातून जाणार नाही. परीक्षक पहिली बेरीज तीच करील, आणि तुझी तीन वर्षे कचऱ्यात जातील. ती माझ्या हातातला कागद घेऊन गेली. परत आणला तेव्हाही सतरा नव्हता.

चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून न जुळलेला तक्ता गेलेला नाही.

२० मे

सकाळी कनका पिशवी माझ्या खोलीत ठेवून अंघोळीला गेली असताना पिशवीतून मूळ रजिस्टर काढले. हे चोरीचे काम आहे, मला कबूल आहे. मी फक्त सतरावी ओळ पाहणार होते.

१७. वय साठ. अविवाहित. मुले नाहीत. ऑपरेशन ८ मार्च १९८८. रेषा तीन ठिकाणी तुटलेली. स्नायूत निम्म्याहून खोल. किरणोपचार सुचवला. कुटुंबाने नाकारला.

समासात पेन्सिलने बारीक तारखा. अप्पांना विचारले: २२ मार्च. ४ एप्रिल. १३ एप्रिल. १० मे.

रजिस्टर जागेवर ठेवले. अकरा वाजता कांजी केली आणि राजसला दिली. दुसरे काय करायचे ते सुचले नाही.

२१ मे

ही वही पहिल्यापासून वाचली. इतकी मूर्ख बाई मी दुसऱ्या कोणाच्या वहीत पाहिली असती तर हसले असते.

रागाला कुठून सुरुवात करावी कळत नाही. त्या डॉक्टरांचा आहे, ज्यांना माझ्या पोटात हात घालता आला, माझ्याशी बोलता आले नाही. राजसचा आहे, फुटलेल्या बाटलीबद्दल. कनकाचा आहे का? तिने चार वेळा विचारले. तिने सतरावी ओळ काढली आणि बेरीज काढायची राहिली. राहिली की ठेवली, ते मी तिला विचारणार नाही.

व्यासराजचा राग करायला बसते आणि समोर एकोणीस वर्षांचा मुलगा येतो, आईच्या पायाशी. त्याला ते मीच दाखवले.

म्हणून राग कमी होतो असे नाही. मी जेवण सोडणार की नाही हे त्याने माझ्यावर सोडायला हवे होते.

खिडकीचे गज मोजले. नऊ. खालची कडी आजही बाहेरून.

२२ मे, रविवार

तक्ता पूर्ण केला. चोवीस ओळी. न्याहारीनंतर सगळ्यांना वर बोलावले. ऑफिसात आम्ही तक्ते जोडीने तपासत असू. एकाने टाइप केलेला कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. कनकाकडे हात केला आणि रजिस्टर मागितले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि निमूट दिले. टाइप केलेला कागद व्यासराजच्या हातात ठेवला. तो बँकेतला माणूस. त्याला वाटले, बरे झाले, आक्का कामात आहे.

त्याने एकपासून सुरुवात केली. छान वाचतो तो. मी प्रत्येक ओळीला 'बरोबर' म्हणत होते. राजस दारात कलथा घेऊन उभी होती, कनका भिंतीला टेकून.

"सोळा. वय बावन्न. विवाहित. मुलं चार. रेषा अखंड. शिरकाव नाही. पुढे उपचार नको."

"बरोबर."

"सतरा. वय साठ. अविवाहित." तो थांबला.

"पुढे वाच."

"आक्का."

"ओळ अर्धी सोडायची नसते, व्यासू."

त्याने वाचली. तारीख वाचली. तीन ठिकाणी वाचले. स्नायू वाचला. 'सुचवला' वाचला आणि कागद खाली ठेवू लागला. मी बोट तसेच ठेवून थांबले. शेवटी तो म्हणाला, "कुटुंबाने नाकारला."

"बरोबर," मी म्हटले. "अठरा."

अठरा त्याला वाचता आले नाही. तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, तू भिंतीकडे तोंड केलं असतंस तर मी काय केलं असतं. मी म्हटले, माझा पलंग तू भिंतीलाच लावला आहेस, तीन महिने मी दुसरीकडे कुठे तोंड करणार होते? त्यावर कनका हसली आणि लगेच हुंदके देऊ लागली.

राजसने कलथा खाली ठेवला. "आक्का, मी ह्यांना म्हणत होते हो, रोज म्हणत होते," ती म्हणाली. मग डोळे पुसून: "आणि मला नाचणी अजिबात आवडत नाही."

"मग प्यायलीस कशाला?"

"तुम्हाला कुणाची तरी काळजी करायला मिळत होती. ते हलकं होतं तुम्हाला."

मी व्यासराजपुढे हात केला. त्याने खिशातून किल्ली काढून दिली. सगळे उठल्यावर मी उरलेल्या सात ओळी एकटीनेच तपासल्या. तक्ता जुळला.

२५ मे

डॉक्टरांनी खुर्चीत बसल्याबरोबर व्यासराजला विचारले, पेशंटला किती माहीत आहे? मी म्हटले, पेशंट इकडे बसली आहे, तिला विचारा. त्यांना माझ्याकडे मान वळवायला वेळ लागला.

मग त्यांनी नीट सांगितले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. उशीर झाला आहे. अकरा आठवडे. तो रोग त्या अकरा आठवड्यांत जागचा हलला की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. रक्तवाढीच्या म्हणून दिलेल्या गोळ्या याच रोगाच्या होत्या, भूकही त्यांचीच; त्यांनी थोडे रोखले असेल. पंचवीस वेळा करंट, पाच आठवडे. मी विचारले, वेळेवर दिला असता तर? ते व्यासराजकडे पाहू लागले. मी तो प्रश्न परत घेतला. त्याला ऐकायला लावण्यासारखे तेवढे एकच उरले होते, आणि मला ते नको होते.

तिरुवल्लिकेणीला जाता येणार नाही. तिथला जिना जास्त उभा आहे, आणि उपचारांनी अशक्तपणा येतो. म्हणजे माडी तीच, गज तेच, पंखा तोच. किल्ली उशीखाली आहे. खालची कडी काढून टाकायला लावली. लाकडात चार भोके राहिली आहेत.

३१ मे

कनकाला विचारले, माझ्या कापाचे चित्र आहे का? तिने आणले. काळ्यावर हिरवी रेषा, उजळ, सणाच्या कोलमसारखी, इथल्या रांगोळीसारखी सुबक. मग एके ठिकाणी नुसती संपते. थोडा काळोख, आणि पुढे पुन्हा सुरू. अशा तीन जागा. इतक्याशा भोकांमधून.

"तुला भीती वाटते का, आत्या?"

"वाटते," मी म्हटले. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, मला स्वतःलाही. तिने माझा हात धरला, आणि मी तो सोडवला नाही, कारण दुसऱ्या हाताने चित्राखालची ओळ तपासता येत होती. आकड्यापुढे टिंब राहिले होते.

६ जून, सोमवार

पहिला करंट आज. राजसबरोबर ऑटोने गेले. वाटेत ती दोन्ही हातांनी माझे मनगट धरून होती, जणू मी उस्मान रोडवर उडी टाकणार. व्यासराज आधीच पोचून रांगेत बसला होता. माझ्या जागी.

पोटावर जांभळ्या शाईने चौकोन काढले. टेबल लोखंडी आणि थंड. मशीन राक्षसासारखे. तंत्रज्ञ तरुण होता, मला तमिळमध्ये पाटी म्हणाला, म्हणजे आजी. मी दुरुस्त केले नाही. त्याने मला दोन अंगुळे इकडे, एक तिकडे सरकवले आणि बाहेर गेला. दार हातभर जाडीचे, ते हळूहळू बंद झाले.

आत कोणी नव्हते. तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याभोवती कोणी नव्हते. घड्याळासारखे काहीतरी टिकटिकत होते.

भिंतीतल्या कर्ण्यातून त्याचा आवाज आला. "पाटी, अजिबात हलायचं नाही."

मी म्हटले, "मार्चपासून मी दुसरं काय करते आहे?"